बाबांची वाटणी

वऱ्हाडात आस्तिक-नास्तिकांचा वाद गाडगेबाबांपाशी येऊन अडतो. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात वाढलेले बाबा दोघांनाही हवेत, पण अर्धेच. मुलीच्या बारशाला दारू-मटण नाकारून गोडाचं जेवण घालणारे बाबा नास्तिकाला तोंडपाठ; ‘गोपाला गोपाला’चा गजर मात्र तो भाषणातून गाळतो. भाविक गजर तेवढा उचलतो, फोटोला हार घालतो आणि नवसाच्या बोकडाचा भाव विचारायला निघतो. नास्तिकाच्या लेखी भाविक अडाणी, भाविकाच्या लेखी नास्तिक शिकून वाया गेलेला. बाबांनी धर्मशाळा उभारल्या, ऋणमोचनला घाट बांधला. अमरावतीत समाधी आहे, विद्यापीठालाही त्यांचंच नाव. बाबांच्या हातातला खराटा मात्र या वाटणीत कुणीच मागितलेला नाही.