ध्येय सर्वांचं, रेटिंग ज्याचं त्याचं

एप्रिल उजाडला की पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना लोणावळ्याची ओढ लागते. मार्च एंडिंगचा घाम वाळायच्या आत एचआरचा मेल येतो : शुक्रवारी सकाळी सातला बस, सगळ्यांनी कंपनीचा टी-शर्ट घालावा, येताना उत्साह आणावा. कारण काय, तर टीमनं एकत्र बसून वर्षाची ध्येयं ठरवायची आहेत.

एकत्र बसून म्हणजे कसं, तेही बघा. प्रत्येकाला पिवळ्या चिठ्ठ्या आणि मार्कर मिळतो. फॅसिलिटेटर नावाचा गृहस्थ ‘इथं चुकीचं उत्तर नसतंच’ असा दिलासा देतो. माणसं भोळी, मनापासून लिहितात. दोन माणसं वाढवा. सर्व्हर बदला. रात्री आठनंतरचे कॉल बंद करा. चिठ्ठ्या भिंतीवर लागतात, मग त्यांची ‘थीम’नुसार सरकवासरकवी होते आणि सरकत सरकत त्या ‘पार्किंग लॉट’ नावाच्या कोपऱ्यात जातात. तिथं लागलेली चिठ्ठी पुन्हा बाहेर निघाल्याचं ऐकिवात नाही. जेवणं झाली की साहेब लॅपटॉप जोडतात आणि पडद्यावर आकडा झळकतो : गेल्या वर्षीपेक्षा पंचवीस टक्के जास्त. हा आकडा फेब्रुवारीतच वरून आलेला असतो. फाइलच्या नावात तारीखसुद्धा असते, कुणी वाचत नाही इतकंच. ‘सगळे अलाइन्ड ना?’ साहेब विचारतात. पनीर आणि गुलाबजाम नुकतेच पोटात गेलेले. सगळे अलाइन्ड असतात.

या प्रकाराचं पितृत्व पीटर ड्रकरकडे जातं. उद्दिष्टं ठरवून कारभार करण्याची कल्पना त्यानं १९५४ साली ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’मध्ये मांडली. पण आपल्या विभागाची उद्दिष्टं त्या त्या व्यवस्थापकानं स्वतः ठरवावीत, वरिष्ठांनी फार तर ती मंजूर-नामंजूर करावीत, असंही त्याच पुस्तकात आहे. हा भाग बहुधा खंडाळ्याच्या घाटात बसमधून पडला.

वरून सोडलेल्या आकड्याचं खाली काय होतं, ते आपल्या सरकारी बँकांना विचारा. जन-धन योजनेतल्या शून्य शिल्लक खात्यांची संख्या घटली पाहिजे, हे झालं ध्येय. मग शाखांतल्या लोकांनी काय करावं? एकेक रुपया भरला, कुठे कुठे चक्क स्वतःच्या खिशातून. एक कोटीहून जास्त खात्यांत नेमका एकच रुपया पडून असल्याचं २०१६ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’नं माहिती अधिकारातून बाहेर काढलं. शून्य शिल्लक खाती कमी झाली. गरिबाच्या खात्यात काय वाढलं, तर तो रुपया. पण टीमवर्क म्हणून बघाल, तर याहून सरस उदाहरण मिळायचं नाही.

ऑफसाइटला दुपारी हमखास डबेवाल्यांवर व्याख्यान असतं. डब्यावरच्या खुणा, लोकलच्या दाराशी ती धावपळ, शिक्षण बेताचं आणि चुका नगण्य. टाळ्या पडतात, पुढच्या रांगेतल्या साहेबांच्या सगळ्यांत मोठ्या. व्याख्यातेबुवा एक गोष्ट मात्र घाईत उरकतात किंवा गिळतात. डबेवाल्यांच्या गटाची कमाई गटात साधारण सारखी वाटली जाते. म्हणून शेजारच्याचा डबा अडला की तो आपलाच अडला, असं त्यांना वाटतं. पोस्टर लावून वाटत नाही.

आणि आपल्याकडे? ध्येय आठ जणांचं एक, पण वर्षअखेरीला बेल कर्व्ह. आठांपैकी कुणाला तरी ‘अपेक्षेपेक्षा कमी’ म्हणायचंच, कारण तक्त्यात तो रकाना रिकामा ठेवता येत नाही. मग शेजारच्याची अडलेली एक्सेल शीट सोडवून देणारा माणूस स्वतःच्याच पगारवाढीवर धोंडा पाडून घेतो. हे शहाणपण मायक्रोसॉफ्टला २०१३ साली सुचलं, तिनं सक्तीची क्रमवारी बंद केली. आपल्याकडेही अनेकांनी बेल कर्व्ह गेल्याची दवंडी पिटली. आता बंद दाराआड ‘कॅलिब्रेशन’ची मीटिंग होते. तिथून बाहेर येणाऱ्या यादीचा आकार घंटेसारखाच कसा दिसतो, हे विचारायची सोय नाही.

तेव्हा यंदा बसमध्ये बसाल, तेव्हा चिठ्ठीवर बाकी काही लिहू नका. एकच प्रश्न लिहा : आकडा गाठला, तर बोनस आठांत सारखा वाटणार का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते ध्येय साहेबांचं आहे, टी-शर्टही त्यांनाच परत करा. आणि ‘हो’ असेल तर कंपनीचं नाव या सदराच्या पत्त्यावर तेवढं कळवा. आमचा बायोडाटा तयार आहे.