शंभर यार्डांपलीकडे

आमच्या शाळेत तंबाखू नियंत्रणाचा नोडल शिक्षक मी आहे. हे पद मला का मिळालं, ते मोठ्या बाईंनी कधी सांगितलं नाही. विज्ञान शिकवतो म्हणून मिळालं असावं. फुप्फुसाची आकृती मी न बघता फळ्यावर काढतो. श्वासनलिका, वायुकोश, त्यात साचणारं डांबर, सगळं रंगीत खडूंनी. काढताना खोकला येतो. मुलं म्हणतात, "सर, पाणी आणू?" मी म्हणतो, "खडूची धूळ रे."

माणूस अडाणी असतो, त्याला धोका माहीत नसतो, म्हणून तो ओढतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी मला येऊन भेटावं. तंबाखू न सोडणाऱ्यांपैकी निम्म्यापर्यंत लोक तिच्यापायीच जातात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मी परिपाठात दरवर्षी सांगतो. सांगताना मी आपोआप उरलेल्या निम्म्यांत जाऊन उभा राहतो. "गृहपाठ कोणी केला नाही?" असं विचारल्यावर वर्गातला प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघतो, तसंच हे.

नोडल शिक्षकाचं पहिलं काम मोजणीचं. २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूचा कुठलाही पदार्थ विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, हे सातवीच्या मुलांनी काढून दिलं. लांब उडीचा टेप घेऊन मी, शिपाईमामा आणि ती मुलं निघालो. अण्णांची टपरी आतच निघाली. वाईट म्हणजे टेपचं दुसरं टोक अण्णांनीच धरलं होतं.

"हलवतो की, सर," ते म्हणाले. "मला काय, चाकं आहेत टपरीला. तुमचंच कसं व्हायचं ते बघा. मधली सुट्टी केवढी असते?"

टपरी चिंचेखाली गेली. अलीकडे मी पिवळी रेषा आखून घेतली. पूर्वी मधल्या सुट्टीत एक ओढून, हात धुऊन, वेलची चघळत, डबाही खाऊन व्हायचा. आता जवळपास पळावं लागतं. धापा टाकत टपरीवर पोचायचं आणि धाप जरा बसावी म्हणून सिगारेट पेटवायची, असा क्रम झाला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंच होतं. त्यांचा सल्ला मी अखेर पाळायला लागलो तो सिगारेटमुळे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं आहे.

अण्णांकडे लायटर नाही. खांबाला काथ्याचा सुंभ बांधलेला असतो आणि त्याचं टोक दिवसभर धुमसत असतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे प्रात्यक्षिकासह बघायचं तर मधल्या सुट्टीत यावं. पीळ म्हणजे आम्ही: तलाठी कार्यालयातले एक भाऊसाहेब, एसटीचे एक कंडक्टर, बँकेतले एक गृहस्थ आणि मी. आम्हाला एकमेकांची आडनावं धड माहीत नाहीत, पण कोणाच्या मुलीचं कुठे जमत आलंय आणि कोणाचं पित्त कशाने खवळतं, ते पाठ आहे. तिथे मला कोणी वही तपासायला देत नाही. सिगारेट न ओढता मी रोज दहा मिनिटं चिंचेखाली उभा राहिलो, तर लोक घरी चौकशीला येतील. हातात सिगारेट असली की उभं राहण्याला कारण मिळतं.

आम्ही सगळे सुटी घेणारे. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे आणि बंदीमागचं कारण रास्त आहे. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने आणि कॅन्सरच्या चित्राने व्यापलेला असतो, सुट्या कांडीवर चित्र मावत नाही. पण मी पाकीट टाळतो ते चित्राला भिऊन नव्हे. पाकीट घेणारा माणूस व्यसनी. सुटी घेणारा फक्त आज घेतो, आणि आजच्यापुरती काय हरकत आहे?

यातलं शास्त्रही मला येतं, हे दुर्दैव. झुरका घेतल्यावर निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि मग माणूस चिडचिडा होतो. शाळेच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक ज्याने लावलं तो नक्की ओढणारा असणार. सिगारेटने मला शांत वाटतं हे खरं. पण अशांत कोणी केलं होतं? आधीच्या सिगारेटने. हे मी वर्गात फार तळमळीने सांगतो, विशेषतः दोन तास उलटून गेलेले असले तर.

शास्त्र अंगावर यायला लागलं की आम्ही माणसं पुढे करतो. प्रत्येक ओढणाऱ्याकडे नव्वदीपर्यंत विडी ओढलेले एक आजोबा असतातच. माझ्याकडे नव्हते, मी बायकोच्या माहेरचे घेतले. पन्नाशीत गेलेले आजोबा चिंचेखाली साक्षीला येऊ शकत नाहीत, एवढाच या पुराव्यात दोष. बँकवाल्या गृहस्थांनी तर थेट फ्रॉइड आणला. १९२३ साली तोंडाचा कॅन्सर निघाला, पुढे तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटला नाही. मनाचं सगळं जाणणाऱ्या माणसाची ही गत, तर तलाठी कार्यालयाने काय करावं? मी त्यांना रिचर्ड डॉल सांगितला. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याबरोबर त्याने सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध १९५० साली मांडला. सुरुवातीला त्याचा संशय मोटारींवर आणि रस्त्याच्या डांबरावर होता. आकडे बघता बघता त्याने स्वतःची सिगारेट सोडली. कंडक्टर म्हणाले, "सर, त्यांनी ते आकडे स्वतः काढले. आपल्याला ते परिपत्रकातनं आले."

मला हे पटलं, म्हणून स्वतः काहीतरी करायचं ठरवलं. सिगारेट सोडायला मदत करणारा सरकारी मोफत फोन नंबर २०१८ पासून पाकिटावर छापतात. पण मी सुटी घेणारा, माझ्याकडे नंबर कुठून येणार? तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पाकीट विकत घेतलं. फोनवरच्या ताईंनी फार आपुलकीने विचारलं, "केव्हा केव्हा ओढावीशी वाटते?" मी सांगू लागलो: चहानंतर, जेवणानंतर, पेपर तपासायच्या आधी, तपासून झाल्यावर, विस्तार अधिकारी येणार असले तर आणि आले नाहीत तर. फोन ठेवल्यावर मन हलकं झालं. पाकीट हातातच होतं, वाया घालवणं बरोबर वाटेना.

मग औषधाच्या दुकानातून निकोटिनची च्युइंगमसारखी गोळी आणली. ती चारदोन वेळा चावायची, जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायची. हे वाचून मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण आमच्या स्टाफरूममध्ये निम्मे लोक तंबाखू मळून नेमकी तिथेच ठेवतात. त्यांना कोणी व्यसनी म्हणत नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात चारांतला एक मोठा माणूस तंबाखूवाला निघाला, पण धूर काढणारे शंभरात चारसुद्धा नव्हते. आम्ही अल्पसंख्य आहोत आणि आम्हाला वास आहे.

तंबाखूविरोधी दिन ३१ मे रोजी, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो. म्हणून आमच्याकडे शपथ २ ऑक्टोबरला. सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदीही २००८ साली याच दिवशी लागू झाली. शिवाय लहानपणी विडीसाठी नोकराचे पैसे चोरल्याचं गांधीजींनी आत्मकथेत लिहिलं आहे, ते मुलांना भारी आवडतं. तर सगळी शाळा मैदानावर, माझा हात पुढे, गोळी गालात. पण धीर धरून हळूहळू चावायची ती गोळी मी घाबरून भराभर चावली होती, आणि घाईने चावली की उचक्या लागतात.

"मी शपथ घेतो की..." मी म्हणालो आणि उचकी दिली.

"मी शपथ घेतो की, उच्च," चारशे मुलं म्हणाली.

मुलं आज्ञाधारक आहेत. ती शेवटपर्यंत आज्ञाधारक राहिली. "आयुष्यात कधीही, उच्च, तंबाखूचं सेवन, उच्च." वर पाठवायच्या फोटोत मी हात पुढे करून, डावा गाल फुगवून उभा आहे. मोठ्या बाईंनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"सर, तोंडात काय आहे?"

"गोळी आहे, बाई. निकोटिनची."

"म्हणजे तंबाखूतलंच ना ते?"

मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे खोटं बोलता आलं नाही. शपथ पुन्हा घेतली, या वेळी आठवीतल्या एका मुलीने दिली आणि मी मागच्या रांगेत उभा राहिलो.

संध्याकाळी चिंचेखालून जात होतो. थांबणार नव्हतो.

"शपथ ऐकू आली इथपर्यंत," अण्णा म्हणाले. "दोन्ही वेळा. सोडलीत म्हणे?"

"सोडली."

"बरं केलंत. फक्त तुमच्या त्या सिगारेटी इथे दुसरं कोणी घेत नाही, आणि एजन्सीवाला परत घेत नाही. बघतो काय करायचं ते."

आधीच माझ्या टेपमुळे या माणसाची बसलेली जागा गेली होती. नव्या जागी शाळेच्या पालकांची गिऱ्हाइकी नाही, पावसात चिंच गळते. आणि आता हा माल. एखाद्याचं नुकसान करायचं तरी किती?

"एक द्या," मी म्हणालो. "सुटी."