स्मरणिकेसाठी दोन शब्द

मा. संस्थापक-अध्यक्ष साहेब यांसी,

सा. न. वि. वि. (ॲनाटॉमीत आठही अंगांचे पैसे भरले आहेत, तेव्हा नमस्कार साष्टांगच घालते.)

आपलं पत्र मिळालं. संस्थेचा सोहळा आहे, स्मरणिका निघायची आहे, त्यात 'संस्थेने मला काय दिले' यावर मी दोनशे शब्द लिहावेत. शिवाय नव्या सभागृहासाठी एका विटेचे अकरा हजार पाठवावेत म्हणजे विटेवर नाव कोरलं जाईल, अशी आपली आज्ञा. शब्द जास्त झाले आहेत. जादा शब्दांचे वेगळे पैसे पडत असतील तर कळवावं. पावती नसली तरी चालेल, सवय आहे.

तर 2009. सरकारी सीईटीत माझे मार्क थोडक्यात कमी पडले, म्हणून खासगी कॉलेजांच्या संघटनेची असो-सीईटी दिली आणि आपल्या दारात आले. सोबत बाबा आणि मामा. बाबा जिल्हा बँकेत कॅशिअर. ऑफिसात शिरताच मामानं, तो शेतकरी माणूस, मोठ्यानं विचारलं, "डोनेशन किती?" मयताच्या घरी कुणी हसल्यावर पाहावं तसं क्लार्कनं त्याच्याकडे पाहिलं. "आपल्याकडे डोनेशन घेत नाहीत. 1987 पासून कायद्यानं बंदी आहे," असं म्हणाला आणि आतल्या केबिनचं दार लोटून नोटा मोजायचं मशीन सुरू केलं. कायदा जुना होता, मशीन मात्र नवं कोरं.

प्लॉट विकून आणलेली ती रक्कम बाबांनी घरी दोनदा हातानं मोजली होती. आयुष्यभर लोकांचे पैसे मोजलेला माणूस, आपली मोजणी मशीन तपासतंय याचंच त्यांना जास्त लागलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बंद दाराआडून ती दबकी घरघर येत होती. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयात मी कान देऊन ऐकलेला पहिला आवाज तो.

आपण ही गंगा गावात आणली नसती तर आम्ही कुठे गेलो असतो, असं आपण दर स्नेहसंमेलनात विचारायचात. बेळगावला, साहेब, नाहीतर दावणगेरेला किंवा मणिपालला. आमच्या आधीच्या पिढीतले पैसेवाले तिकडेच जात. मणिपालचं कॉलेज 1953 सालचं. आपल्याकडे 1983 मध्ये वसंतदादांच्या सरकारनं विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना वाट मोकळी केली, मागोमाग मेडिकल आली, आणि महाराष्ट्राचा पैसा महाराष्ट्रात राहिला. पुढे सुप्रीम कोर्टानं 1993 मध्ये निम्म्या जागा फ्री आणि निम्म्या पेमेंटच्या अशी वाटणी केली. ती 2002 मध्ये अकरा न्यायमूर्तींनी मोडली. 2005 मध्ये सात न्यायमूर्तींनी पुन्हा बजावलं की कॅपिटेशन फी चालणार नाही, एनआरआय कोटा फार तर 15 टक्के. एवढी मोठी मंडळी इतकी वर्षं ज्या प्रश्नावर खपली, तो आपल्या क्लार्कनं एक दार लोटून सोडवला होता. स्मरणिकेत त्याचा फोटो हवा.

आपल्या इमारतीबद्दल वाईट बोलायला जागा नाही. ग्रंथालयाला एसी होता, पोर्चमध्ये कारंजं होतं. सरकारी कॉलेजातून निवृत्त झालेले दोन-तीन प्राध्यापक तर असे होते की नुसता खडू हातात घेऊन मूत्रपिंड डोळ्यांपुढे उभं करत. नव्हते ते पेशंट. केसपेपरपासून पलंगापर्यंत प्रत्येक गोष्टीला आपले दर होते, म्हणून आजूबाजूच्या गावचा माणूस आपलं कारंजं बघत बघत एसटीनं सिव्हिलला जायचा. माझी मैत्रीण सरकारी कॉलेजात होती. तिकडे जमिनीवर गाद्या टाकायची वेळ. रात्रपाळीला बाळंतपणं करून करून तिचे हात दुखायचे. आमच्याकडे एक बाळंतीण आली की आम्ही पंधराजण भोवती उभे. ती बिचारी कळांपेक्षा लाजेनंच अर्धी व्हायची. छाती तपासायला आम्ही एकमेकांच्या छात्या वापरत होतो, आणि सगळ्यांची हृदयं ठणठणीत होती.

याला अपवाद इन्स्पेक्शनचा दिवस. मेडिकल कौन्सिलच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्यांच्या प्रमाणात खाटा लागायच्या, आणि खाटांवर माणसंही लागायची. मी पहिल्या वर्षाला असताना, एप्रिल 2010 मध्ये, कौन्सिलच्या अध्यक्षांनाच सीबीआयनं लाचेच्या प्रकरणात अटक केली आणि महिन्याभरात कौन्सिल बरखास्त झाली. आम्हाला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण कौन्सिल गेली तरी इन्स्पेक्शन राहिली, आणि आपण डगमगला नाहीत.

2012 सालची ती सकाळ मला अजून आठवते. सहा वाजल्यापासून वडापच्या जीपा लागल्या. शिरा-चहा वाटला. दीडशे रुपये हजेरी आणि दुपारचं जेवण. वर्षभर कुलूप असलेल्या वॉर्डात नव्या चादरी, काहींवर दुकानाचं लेबल तसंच. केसपेपर इंटर्न्सनी रात्री जागून लिहिलेले. हुशारी अशी की तारखा बदलताना पेनही बदललेलं. परगावचे काही प्राध्यापक पहाटेच उतरले होते. त्यातले एक मलाच विचारत होते, सर्जरीचा वॉर्ड कुठे आहे.

माझ्याकडे खाट नंबर 17. पस्तिशीची बाई, रोजंदारीवर जाणारी. तिच्या पेपरवर पोटदुखी होती. "बाई, मला काय झालंय म्हनून सांगू?" तिनं हळूच विचारलं. तीन दिवस पोटात दुखतंय म्हणा, मी पढवलं. ती दोनदा घोकून बसली. साहेब लोक यायला उशीर होता, म्हणून उगीच चाळा म्हणून मी स्टेथोस्कोप लावला. डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, श्वास सोडून थांबायला सांगितलं.

दाराआडून मशीन चालू होतं.

तीच दबकी, खालच्या पट्टीतली घरघर. पुस्तकात तिला मिड-डायास्टोलिक मर्मर म्हणतात, ते वाचून काही कळत नाही. हृदयाची झडप आकसली की रक्त त्या फटीतून असं जातं. लहानपणी घसा धरायचा का, सांधे सुजायचे का, मी विचारलं. "सुजायचं की. आता मोळी घेऊन ट्रॉलीवर चढताना दम लागतो, पण त्यो मेला समद्यांनाच लागतो." आमच्या सरांना खुणेनं बोलावलं. त्यांनी बराच वेळ ऐकलं, मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मायट्रल स्टेनोसिस. अगदी पुस्तकातली." तीन वर्षांत आमच्या हाती लागलेली पहिली खरी केस हजेरीवर आली होती. वेळेवर पेनिसिलिन मिळालं असतं तर घशा-सांध्यांचं ते दुखणं हृदयापर्यंत पोचलंही नसतं, आणि पेनिसिलिन म्हणजे काही आपल्या फीच्या पंगतीत बसणारी वस्तू नव्हे.

एवढ्यात इन्स्पेक्टर खाटेशी आले. पेपर उचलला, माझ्याकडे पाहिलं. "काय केस आहे, डॉक्टर?"

मला 'डॉक्टर' म्हणणारे ते पहिलेच. खरं सांगितलं तर पेपर खोटा ठरतो, पेपर खोटा ठरला तर वॉर्ड, वॉर्ड गेला तर मान्यता, आणि मान्यता गेली तर बाबांचा प्लॉट. हे सगळं मी एका श्वासात केलेलं गणित.

"पोटदुखी, सर," मी म्हणाले.

तीही लगेच म्हणाली, "तीन दिस झालं."

पाच वाजता जीपा भरल्या. मी धावत जाऊन तिच्या हातात चिठ्ठी दिली: मोठ्या सरकारी दवाखान्यात हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, टाळू नका. तिनं ती दीडशे रुपयांबरोबर पदराच्या गाठीत बांधली. आपली मान्यता त्या वर्षी कायम झाली. पेढे मीही खाल्ले.

संस्थेने मला काय दिले, ते एवढं. आज ओपीडीत डाव्या कुशीवर वळवल्याशिवाय मी कुणाची छाती सोडत नाही, पेशंट कंटाळतात.

विटेचे अकरा हजार सोबत चेकनं पाठवत आहे. पावती द्यावी. विटेवर माझं नाव नको, तिचं घालायचं मनात होतं. पण तिच्या केसपेपरवरचं नाव रात्री कुणा इंटर्ननं लिहिलेलं होतं, आणि खरं काय ते मी विचारलं नाही. तेव्हा आपल्या पद्धतीप्रमाणे योग्य ते नाव आपणच घालून घ्यावं.

आपली आज्ञाधारक,
रोल नंबर 41