घाट चढून आलेलं वादळ

नाशिककराला समुद्राचं फारसं अप्रूप नाही. आम्हाला गोदावरी आहे, तिला पूर आला की दुतोंड्या मारुती आहे, आणि पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला यावर वाद घालायला पुलावर हवी तेवढी रिकामी माणसं आहेत. समुद्र ही दिवाळीच्या सुट्टीत अलिबागला जाऊन मासे खायची जागा. त्यामुळे अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याची बातमी लागली की आम्ही चॅनेल बदलतो. तो विषय कोकणाचा. फार तर मुंबईच्या मावशीला एक फोन करायचा, खिडक्या लावून घे म्हणायचं, आणि मिसळीवर आणखी थोडी तर्री मागून घ्यायची.

फक्त ही विभागणी वादळाला कुणी कळवलेली नाही.

३ जून २०२० आठवा. दोन महिन्यांहून जास्त काळ घरात कोंडलेल्या महाराष्ट्राला त्याच दिवशी बाहेर पडायची परवानगी मिळाली होती. सरकारी मोहिमेचं नाव ‘मिशन बिगिन अगेन’. चालायला, पळायला, सायकल चालवायला मोकळीक. कुठे कुठे? मैदानात, बागेत आणि समुद्रकिनाऱ्यावर. आदेशात किनारा स्पष्ट लिहिला होता. आणि नेमक्या त्याच दिवशी त्याच किनाऱ्यावर ‘निसर्ग’ चक्रीवादळ फिरायला आलं. मुहूर्त काढणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा होता, पण तेव्हा जमावबंदी होती.

नाव बांगलादेशनं दिलेलं. तेरा देशांनी मिळून १६९ नावांची नवी यादी त्याच वर्षी एप्रिलमध्ये तयार केली, तिचा नारळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर फुटला. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर एवढं जोरदार वादळ १८९१ नंतर आलं नव्हतं, असं सांगण्यात आलं. ताशी शंभरच्या वर वेगाचे वारे. वांद्रे-कुर्ला संकुलात उभारलेल्या तात्पुरत्या कोविड रुग्णालयातले रुग्ण हलवावे लागले. विमानतळ काही तास बंद. रत्नागिरीत मिऱ्याच्या किनाऱ्यावर एक अख्खं जहाज येऊन रुतलं.

आणि टीव्ही? टीव्ही मरीन ड्राइव्हवर होता. रेनकोट घातलेले तरुण पत्रकार समुद्राकडे पाठ करून ओरडत होते की लाटा बघा. लाटा बघितल्या. मग दुपारी वादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं जमिनीवर आलं आणि पडद्यावर पट्टी झळकली: मुंबईवरचं संकट टळलं. टळलं म्हणजे काय झालं? ते दुसऱ्याच्या घरावर पडलं. पण ते घर मुंबईत नसल्यामुळे सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास टाकला, रेनकोट काढले, आणि देश संध्याकाळच्या करोना आकड्यांकडे वळला.

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली. इथे वीज गेली ती काही ठिकाणी कित्येक आठवडे आली नाही. मोबाइलचे मनोरे पडल्यामुळे ‘आम्ही बुडालो’ हे सांगायचीही सोय राहिली नाही. ज्याला फोनच लावता येत नाही त्याचं दुःख बातमीत येत नाही. छपरं उडाली होती, पाऊस तोंडावर होता, आणि पत्रे मिळेनात.

कोकणातली वाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पाच-दहा गुंठे जागा. वर नारळ, त्याच्याखाली सुपारी, सुपारीवर चढवलेली मिरी, मध्ये कुठे जायफळ, कडेला केळी, बांधाला पाण्याचा पाट. चार मजल्यांची शेती. आजोबानं लावायची, नातवानं खायची. श्रीवर्धनचा रोठा म्हणजे सुपारीतलं वजनदार नाव. या सुपाऱ्या पन्नास-साठ फूट उंच आणि एकमेकींना लागून. एक मोडली की शेजारणीला घेऊन पडते. काही तासांत वाड्यांमध्ये नुसता खच. वाट काढायची तर आधी करवत हवी, आणि करवत चालवायला वीज नाही.

आता सरकारी गणित. सरकारी मदतीचं माप हेक्टर. फळबागेला तेव्हाचा ठरलेला दर हेक्टरी १८ हजार, तोही दोन हेक्टरच्या मर्यादेत. निसर्गनंतर राज्यानं तो वाढवून हेक्टरी ५० हजार केला. टाळ्या. आता हे ५० हजार दहा गुंठ्यांना लावून पाहा: साधारण पाच हजार रुपये. त्यात सातबाऱ्यावर नावं बारा, त्यातले सात जण मुंबईला आणि दोघे वर. पाच हजारांत पडलेली झाडं उचलून बाहेर टाकायची मजुरीही निघत नाही. आरडाओरडा झाला, मग झाडागणिक दर आला: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. रोप लावल्यापासून फळ धरायला सुपारीला सहा-सात वर्षं लागतात हो. पन्नास रुपयांना सहा वर्षांनी भागलं की वर्षाला आठ रुपये आणि काही पैसे. नाशिकला एवढ्यात मिसळीबरोबरचा जादा पावही येत नाही.

तर हे झालं कोकणाचं. आम्ही टीव्ही बंद करून जेवायला बसलो, आणि रात्री वादळ आमच्याकडे आलं.

घाट चढताना त्याचा दम गेला होता हे खरं. हवामान खात्याच्या भाषेत चक्रीवादळाचं तीव्र कमी दाबाचं क्षेत्र झालं, मग नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. हुद्दा उतरला, पाणी तेवढंच होतं. नाशिक जिल्ह्यात झाडं पडली, तारा तुटल्या, पॉलिहाउसचे कागद फाटले, आणि मुख्य म्हणजे कांद्याला पाणी लागलं. जूनच्या सुरुवातीला आमच्याकडे उन्हाळ कांदा काढून झालेला असतो आणि चाळीत भरलेला असतो. कांद्याची चाळ म्हणजे दोन्ही बाजूंनी वारा खेळता राहावा अशी पट्ट्यांची लांबलचक खोली, वर पत्रा किंवा पाचट. तिची रचनाच अशी की वारा आत यावा. तो आला. आडव्या पावसासकट आला. ताडपत्री बांधायला चाळीवर चढलेल्या माणसाच्या हातातूनच ताडपत्री जाते, असा तो वारा. भिजलेला कांदा दुसऱ्या दिवशी ठणठणीत दिसतो. चार-आठ दिवसांनी खालून वास सुटतो. मग चाळ फोडायची, बायका बसवायच्या, सडका एका बाजूला, कोंब आलेला दुसऱ्या बाजूला, आणि जो राहील त्याला लासलगावात मिळेल तो भाव.

मदतीच्या फॉर्ममध्ये मात्र या कांद्याला जागा नाही. तो शेतात उभा नाही, म्हणून पिकाच्या रकान्यात बसत नाही. चाळ हे राहतं घर नाही, म्हणून घराच्या रकान्यात बसत नाही. मधल्या मध्ये कांदाच सडतो, रकाने कोरडे राहतात.

द्राक्षवाल्यांचं दुखणं याहून अवघड. त्यांना वादळ आमच्या अंगावर यायचीही गरज नाही. ते गोव्यापलीकडून मस्कतला जाताना नुसता एक ढग इकडे पाठवतं, तेवढ्यात काम होतं. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग पोंग्यात, म्हणजे कोवळ्या फुटीत असते, मग फुलोऱ्यात. त्या दिवसांत दोन दिवस सूर्य दिसला नाही आणि पानं ओली राहिली की डाउनी हा बुरशीचा रोग आलाच. घड कुजतो, जिरतो, मणी गळतात. शेतकरी पहाटे बॅटरी घेऊन पानाची खालची बाजू बघत फिरतो, आणि सकाळी फवारणीचा ब्लोअर सुरू. पाऊस आला की धुतलं, परत फवारणी. औषध दुकानदारांच्या वह्या अशा आठवड्यांत जाड होतात. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ मुंबई-अलिबागच्या मधून जमिनीवर आलं. तिकडे कोकणातले मच्छीमार समुद्रातून परतले नाहीत. इकडे निफाड-दिंडोरीत जुन्या बागायतदाराला आजही फयान म्हणा, तो समुद्राबद्दल बोलत नाही, त्या वर्षी गेलेल्या घडांबद्दल बोलतो. डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’नं तीच तऱ्हा केली.

पण सगळ्यात नामी वर्ष २०१९. त्या वर्षी अरबी समुद्रात एकूण पाच चक्रीवादळं झाली. विधानसभेचे निकाल लागले २४ ऑक्टोबरला. लगेच ‘क्यार’ आलं, ते जातंय तोच ‘महा’. ‘महा’ हे नाव ओमाननं दिलेलं, आमच्या राजकारणाशी त्याचा संबंध नाही, असा खुलासा तेव्हा कुणी केला नाही. दोन्ही वादळं किनाऱ्यापासून लांबच राहिली, पाऊस मात्र आमच्याकडे टाकून गेली. बागलाणातली अर्ली द्राक्षं काढणीला आली होती, मण्यांना तडे गेले. मका काढून ठेवला होता, कणसांना जागेवर कोंब फुटले. सोयाबीन काळं पडलं. आणि शेतकरी निवेदन द्यायला निघाला तर द्यायचं कुणाला? मंत्रालय होतं, मंत्री नव्हते. ज्यांना मंत्री व्हायचं होतं ते हॉटेलांत होते. ‘महा’ गुजरातकडे जाता जाता समुद्रातच विरलं. मुंबईतलं सत्तेचं वादळ विरायला नोव्हेंबरची २८ तारीख उजाडली.

तोवर १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि राज्यपालांनी मदत जाहीर केली: खरिपाला हेक्टरी ८ हजार, फळबागेला १८ हजार, दोन हेक्टरपर्यंत. आमच्याकडे बोलतात एकरात, म्हणून एकरात सांगतो: द्राक्षाला एकरी ७,२०० रुपये. ज्या पिकाला एकरी लाखांत खर्च येतो त्याला सात हजार दोनशे. हे वाचून एक बागायतदार एवढंच म्हणाला, की वरचे दोनशे कशाला दिले?

मोजमापाची आपल्याला भारी हौस. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर ती अतिवृष्टी. ६४ झाला तर तो पाऊस. आणि हे मोजणारं यंत्र मंडळाच्या गावी, बाग तिथून बारा किलोमीटरवर. यंत्राकडे ऊन असतं तेव्हा बागेत तळं असू शकतं, हे शेतकऱ्याला कळतं, विम्याच्या संगणकाला कळवायची सोय नाही. फुलोऱ्यातल्या द्राक्षाला तर ६५ कशाला, भुरभुरही पुरते.

हे सगळं एकेकदाच घडणारं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला आहे: १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती थोडी घटली. आमचा समुद्र तापतोय, वादळाला पाण्याची वाफ हीच शिदोरी, आणि ती इथे आता बारा महिने तयार. बंगालच्या उपसागराच्या काठावरच्या ओडिशानं १९९९ च्या महावादळात सुमारे दहा हजार माणसं गमावली आणि त्यातून शिकून २०१३ च्या ‘फायलिन’च्या वेळी लाखो लोक आधीच हलवले. तिथल्या मुलांना वादळनिवारा कुठे आहे ते शाळेइतकं पाठ असतं. आपल्या किनाऱ्यावर वादळ हा अजून पाहुणा समजला जातो. एकदा आला, गेला, आता कशाला येतोय.

आला. वर्षभरातच आला. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंतचा किनारा घासत गुजरातला गेलं. ऐन हंगामातला हापूस झाडाखाली. आणि मुंबईच्या समुद्रात पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसं. वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून होता. बार्ज समुद्रातच राहिला. नांगर सुटले, बार्ज बुडाला, सत्तरहून जास्त जण गेले. इथे हवामान खात्याला नावं ठेवायची सोय नव्हती. अंदाज बरोबर होता, ऐकणारे दुसऱ्या कामात होते. यावर विनोद सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

पुढे म्हणजे पंचनाम्याकडे. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत. बरं, हे ३३ टक्के ठरवणार तलाठी. २०२४ मध्ये तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, पण आमच्याकडे तो आधीपासून भाऊसाहेबच आहे, त्यामुळे गावात काही फरक पडला नाही. दिंडोरीकडच्या कुठल्याही बागेत, कुठल्याही ढगाळ नोव्हेंबरात, संवाद साधारण असा होतो.

“बाग तर हिरवीगार दिसतेय तुमची.”

“पानाकडं नका बघू भाऊसाहेब. घडाकडं बघा.”

“घडही आहेत की.”

“आज आहेत. फुलोऱ्यात पाणी बसलंय. आठ दिवसांनी या, देठ तेवढे दिसतील.”

“आठ दिवसांनी कसं जमेल? अहवाल परवा द्यायचाय.”

“मग आज काय लिहिता?”

“जे दिसतं ते लिहितो. फोटो काढायचाय, जरा बाजूला उभे राहा. आणि हसू नका.”