आधी लगीन कंपायलरचं

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्यांत, हवेचा नाहीतर पाण्याचा प्रवाह ओपनफोमसारख्या सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरवर तपासणारा एक छोटा विभाग असतो. त्या विभागाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर हा गृहस्थ हमखास सापडतो. "ओपनफोम टाकून दे रे," असं कुणी म्हणालं, की मान वर न करता तो विचारतो, "लिनक्स कुठलं? जीसीसी कितवं?" तानाजीने कोंडाण्यासाठी रायबाचं लगीन मागे ठेवलं, हा कंपायलरसाठी अख्ख्या रेडिएटरचं ठेवतो. सोमवारी निकाल मागणाऱ्या मॅनेजरच्या हातात शुक्रवारी फक्त यादी पडते: कंपायलर, फ्लेक्स, एमपीआय, स्कॉच, पॅराव्ह्यू. स्कॉचपाशी मॅनेजरची नजर रेंगाळते. मग खुलासा होतो, की हे जाळीचे तुकडे पाडून प्रोसेसरांना वाटून देणारं सॉफ्टवेअर आहे. यादीतली एकुलती एक ओळखीची वस्तूही हातची जाते.

लोक याला टंगळमंगळ म्हणतात. माझं म्हणणं असं, की निदान या पट्ट्याने तरी तसं म्हणू नये. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही शॉपमध्ये फिक्स्चर बसल्याशिवाय, सेटिंग झाल्याशिवाय आणि फर्स्ट पीस पास झाल्याशिवाय मशिन उत्पादनाला लागत नाही. गाडी कंपनीला भाग पुरवायचा तर आधी पीपॅपची जाडजूड फाइल मंजूर करून घ्यावी लागते. सेटर मशिनपाशी दोन तास खाटखूट करत बसला म्हणून त्याला कुणी आळशी म्हणत नाही. आपला गृहस्थ सॉफ्टवेअरचा सेटरच आहे, फक्त त्याचे हात तेलाने माखलेले नसल्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही. त्याचं काम किती बारीक असतं, ते एका ओळीत दिसतं. जुना प्रोग्राम सुरू करताच पडद्यावर येतं, 'लिबजीफोर्ट्रान.एसओ.३' ही लायब्ररी सापडत नाही. जीसीसी कंपायलरच्या सातव्या आवृत्तीत त्या ३ चा ४ झाला आणि आठवीत ५. म्हणजे मांडवात थोरला-धाकटा सगळं घराणं हजर, पण मानाचा नारळ ज्याच्या नावाचा तोच बेपत्ता, आणि त्याच्यावाचून कार्य अडलेलं. पायथनवाल्यांचीही तीच गत. जून २०२४ मध्ये नमपाय या त्यांच्या आकडेमोडीच्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती आली आणि पहिलीवर बांधलेली कित्येक मॉड्यूल नव्याने बांधल्याशिवाय चालेनात. अशा वेळी 'आधी आवृत्ती सांगा' म्हणणारा माणूस किरकिरा वाटतो, पण मायक्रॉनवरून भांडणाऱ्या या गावात तो उपरा नाही.

यावर कुणी म्हणेल, पैसे टाकून तयार पॅकेज घ्या, कटकटच नको. घ्यावं की, पण त्यालाही लायसन्स सर्व्हर लागतो, ठरावीक ग्राफिक्स ड्रायव्हर लागतो, आणि ती यादी चकचकीत पुस्तिकेत छापलेली असते एवढाच फरक. ओपनफोम २००४ पासून सर्वांना खुलं आहे. त्याची किंमत पैशांत नसते, या गृहस्थाच्या दिवसांत असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हल्ली सगळं कंटेनरमध्ये बांधून मिळतं, मग हा हवाच कशाला? डबा आयता मिळतो हे खरं. पण तो उघडायला डॉकर लागतं, डॉकरला आयटी विभागाची परवानगी लागते, आणि ती मिळवायला पुन्हा हाच गृहस्थ लागतो. शिवाय डबा कुणीतरी आधी भरलेला असतो, आणि तो कुणीतरी याच जातकुळीचा असतो.

त्याचा खरा दोष वेगळाच आहे, आणि तो मात्र मी माफ करणार नाही. सेटर निदान सेटिंग शीट भरतो. हा काहीच लिहून ठेवत नाही. कुठल्या फोल्डरमध्ये काय टाकलं, कुठला पाथ कुठे वळवला, कुठली ओळ 'तात्पुरती' म्हणून घातली आणि तीन वर्षं तशीच राहिली, हे सगळं त्याच्या डोक्यात. विचारलं तर म्हणतो, "मी आहे ना!" आणि हे वाक्य हिंजवडीच्या आयटी कंपनीतून बऱ्या पगाराचं बोलावणं येईपर्यंतच खरं असतं. तो गेल्यावर महिन्याभरात नवी मशिन येते, नवा पोरगा कमांड मारतो आणि पडद्यावर ओळ उमटते, अमुक सापडत नाही. ओळीत नाव लायब्ररीचं असतं. फोन मात्र सगळे त्यालाच लावत असतात.