पोटभर उपास

कमी खा म्हणजे जास्त जगाल, असं सांगणाऱ्या माणसाला आपण सहसा जेवायला बोलावत नाही. पण १९३५ साली अमेरिकेत क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना अर्धपोटी ठेवून पाहिलं, तर ते पोटभर खाणाऱ्या जातभाईंपेक्षा जास्त जगले. उंदरांचं मत अर्थात कुणी विचारलं नाही.

यामागचं कारण आता बरंच कळलंय. पेशीत एम-टॉर नावाचं एक प्रथिन असतं. अन्न आलं की ते ‘वाढा!’ असा हुकूम सोडतं. अन्न आटलं की हुकूम थांबतो आणि पेशी स्वतःची आवराआवर काढते. घरात पाहुणे असेपर्यंत माळा कोण साफ करतो? या आवराआवरीला ऑटोफॅजी म्हणतात. तिचा उलगडा केल्याबद्दल २०१६ चं नोबेल योशिनोरी ओसुमींना मिळालं.

आता उपाशी न राहता हे साधायचं कसं? १९६४ मध्ये निघालेल्या एका कॅनेडियन मोहिमेनं ईस्टर बेटावरची माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून सुरेन सेहगल यांनी रॅपामायसिन हे औषध मिळवलं. पुढे त्यांच्या कंपनीनं हे काम गुंडाळलं, तेव्हा सेहगलांनी ते घरच्या फ्रीजरमध्ये आईस्क्रीमशेजारी जपलं, वर ‘खाऊ नका’ असं लिहून! २००९ मध्ये तेच औषध सहाशे दिवसांच्या, म्हणजे आपल्या हिशेबात साठीच्या उंदरांना खाऊ घातलं आणि त्यांचं आयुष्य वाढलं. कारण ते एम-टॉरला गप्प करतं. पोट भरलेलं, पण पेशीची समजूत अशी की आज उपास!

इथे मराठी माणसाचे कान टवकारतात. भरल्या पोटी उपास ही तर आपली विद्या. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस... एकादशी अन् दुप्पट खाशी. फरक इतकाच की रॅपामायसिन पेशीला फसवतं आणि आपण देवाला. एम-टॉरला तिथी कळत नाही. साबुदाणा आला की ते ‘वाढा!’ म्हणतं, आणि वाढणारी मंडळी ते लगेच ऐकतात.

मग गोळीच का घेऊ नये? तर ती प्रतिकारशक्ती दाबते. मूत्रपिंड बदललेल्यांना ती देतात तेच त्यासाठी. शिवाय तिनं अनेकांचं तोंड येतं. आणि माणसाचं आयुष्य तिनं वाढतं, हे अजून सिद्ध झालेलं नाही.

तोवर मी मधला मार्ग काढलाय. एकादशीला पोटभर फराळ करतो. तो इतका जड होतो की द्वादशीला आपोआप कडकडीत उपास घडतो. देव आणि एम-टॉर दोघंही खूश, फक्त एका तिथीच्या अंतरानं.