कांद्याची वंशावळ

यशवंतपूरच्या बाजार आवारात महाराष्ट्राचा कांदा ट्रकमधून उतरतो. अडत्या एवढंच विचारतो, माल कुठल्या मातीतला? कांद्याच्या वडिलांचं नाव कुणी विचारत नाही.

आपला नागरिकत्व कायदा मात्र खानदानी. १९५५च्या या कायद्यानुसार परदेशात जन्मलेलं मूल वंशाने भारतीय ठरायचं, ते बाप भारतीय असेल तरच. आईने नऊ महिने पोटात वाढवलं, ते बहुधा भाडेतत्त्वावर! देशाला माता म्हणणाऱ्यांना आईकडूनही देश मिळू शकतो हे उमगायला १९९२ साल उजाडलं. १० डिसेंबरपासून आईही चालू लागली. शेजारच्या नेपाळात तर २०१५च्या राज्यघटनेतही तोच मानपान: नेपाळी बापाने परदेशी बायको केली तर मुलाला वंशाचं नागरिकत्व, नेपाळी आईने परदेशी नवरा केला तर अर्ज करून मिळणारं.

आपण सुधारलो म्हणून पाठ थोपटून घेण्याआधी आपल्या कायद्याचं कलम ४ जरूर वाचावं. १० डिसेंबर १९९२पूर्वी परदेशात जन्मलेल्यांसाठी तिथे आजही बापच लागतो.